जुन्या टर्बो गाडीचा बूस्ट बिघडलाय? टर्बो बदलण्याआधी या चुका टाळा

डॅशबोर्डवर दिवा पेटला, स्कॅनरवर पी०२९९ दिसलं, गाडीला ओढ राहिली नाही, की बहुतेकांचं बोट सरळ टर्बोकडे जातं. पी०२९९ म्हणजे अंडरबूस्ट, टर्बोने हवेला दिलेला जास्तीचा दाब (बूस्ट) कमी पडणं. त्याचा अर्थ एवढाच, की इसीयूने (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरने) जेवढा दाब मागितला तेवढा सेन्सरला मिळाला नाही. तो का मिळाला नाही, हे इसीयूला कळत नाही. पंधरा-वीस वर्षं जुन्या गाडीत याची कारणं बहुधा रबराची असतात: कडक झालेले पाइप, भेगाळलेल्या व्हॅक्यूम नळ्या, फाटलेले डायफ्राम (दाबाने हलणारे रबरी पडदे). टर्बो हा तपासातला शेवटचा संशयित आहे, पहिला नाही.

कोड पुसायची घाई

कोड वाचला आणि लगेच पुसला, ही सगळ्यात महाग पडणारी चूक. कोडसोबत इसीयू त्या क्षणाची नोंद ठेवतो, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. आरपीएम किती होता, इंजिनवर लोड किती, कूलंट गरम झालं होतं का, फ्युएल ट्रिम (इंधन कमी-जास्त करणारी इसीयूची दुरुस्ती) कुठे होता, हे सगळं तिथे असतं. अंडरबूस्टची नोंद ५,५०० आरपीएमला झाली असेल तर शोध एका दिशेने जातो, २,५०० ला झाली असेल तर दुसऱ्या. कोड पुसला की ही नोंद जाते, शिकलेले ट्रिमही बहुतेक गाड्यांत शून्यावर येतात. बॅटरीची तार काढली तरी अनेक जुन्या गाड्यांत हेच होतं. आधी सगळं लिहून घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा.

अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून आणि युरोपात पेट्रोल गाड्यांना २००१ पासून ओबीडी-२ (स्कॅनरने कोड वाचायची समान पद्धत) सक्तीचं झालं. त्याआधीच्या गाड्यांत दिव्याची उघडझाप मोजावी लागते. १९९० च्या दशकातल्या बऱ्याच टोयोटांमध्ये डायग्नोस्टिक कनेक्टरमधले टीई१ आणि ई१ हे दोन पॉइंट वायरने जोडायचे आणि इग्निशन ऑन करायचं. आधी दशकाच्या उघडझापा, मग थोडा थांबा, मग एककाच्या. दिवा न थांबता एकाच लयीत लुकलुकत राहिला तर कोड नाही, असं समजायचं.

एकाहून जास्त कोड असतील तर आधी सर्किटचा कोड सोडवा. पी०२४३ हा वेस्टगेट सोलेनॉइडच्या सर्किटचा कोड आहे. वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टचा वायू टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप, आणि सोलेनॉइड म्हणजे तिला ताब्यात ठेवणारा विजेचा व्हॉल्व्ह. तो पी०२९९ सोबत आला असेल तर पाइप उघडण्याआधी मल्टिमीटर घ्या. सोलेनॉइडचा प्लग काढून दोन पिनांमधला रेझिस्टन्स मोजा. बहुतेक गाड्यांत तो २० ते ४० ओहम असतो, नेमका आकडा त्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. मग इंजिन चालू असताना प्लगच्या एका तारेवर बॅटरीचा व्होल्टेज येतो का ते बघा. पी१ ने सुरू होणारे कोड मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यांचा अर्थ त्याच कंपनीच्या यादीत शोधा. उदाहरणार्थ, फोक्सवॅगन-ऑडीच्या १.८ टर्बोमध्ये १७७०५, म्हणजेच पी१२९७, हा कोड टर्बो आणि थ्रॉटल यांच्यामध्ये दाब पडल्याचं सांगतो. तो आला की सरळ पाइप तपासायला घ्यायचे.

आकडा वाचण्यात गल्लत

बूस्ट गेज वातावरणाच्या वरचा दाब दाखवतो. स्कॅनरवरचा मॅप सेन्सरचा (इनटेक मॅनिफोल्डमधला दाब मोजणाऱ्या सेन्सरचा) आकडा मात्र एकूण दाबाचा असतो, त्यात वातावरणाचा दाबही धरलेला असतो. समुद्रसपाटीला इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली तर तो साधारण १०० किलोपास्कल दिसायला हवा, हजार मीटर उंचीवर ९० च्या आसपास. पूर्ण लोडवर १७० दिसले तर बूस्ट ७० किलोपास्कल, म्हणजे सुमारे १० पीएसआय. १७० लाच बूस्ट समजून ओव्हरबूस्टच्या मागे लागणारे कमी नाहीत.

इंजिन बंद असतानाचा हा आकडा सेन्सरची फुकटात होणारी तपासणी आहे. तो त्या ठिकाणच्या हवेच्या दाबाशी जुळत नसेल, तर सेन्सर, त्याची नळी किंवा ५ व्होल्टचा पुरवठा आधी बघा. आणखी एक मर्यादा लक्षात ठेवा: साध्या ओबीडी-२ स्कॅनरचा मॅपचा आकडा २५५ च्या वर जातच नाही. त्यामुळे जास्त बूस्टवर ट्यून केलेल्या गाडीत तो तिथेच अडकलेला दिसेल.

न्यूट्रलमध्ये रेस करून निकाल लावणं

लोड नसेल तर टर्बो दाब तयार करत नाही. न्यूट्रलमध्ये सुई हलली नाही याला काहीच अर्थ नाही. इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, मोकळ्या आणि सुरक्षित जागी, तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० आरपीएमपासून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून नोंद घ्या. आरपीएम, मागितलेला बूस्ट, मिळालेला बूस्ट, वेस्टगेट सोलेनॉइडची ड्यूटी (तो किती टक्के वेळ चालू असतो), थ्रॉटल किती उघडला, इग्निशन टायमिंग आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान हे सगळं एकाच वेळी लॉग करा. लॅपटॉपकडे बघायला शेजारी दुसरा माणूस हवा.

निम्मं निदान या लॉगमध्येच होतं. मागितलेला बूस्टच कमी असेल, तर टर्बो आणि पाइप दोघेही निर्दोष असू शकतात. इंजिन थंड आहे, नॉकिंग जाणवतंय, हवा फार गरम आहे किंवा थ्रॉटल पूर्ण उघडत नाही, अशा कुठल्या तरी कारणाने इसीयू स्वतःच हात आखडता घेतोय. कमी ऑक्टेनचं पेट्रोल भरल्यावर टायमिंग मागे सरकतं आणि कित्येक गाड्यांत बूस्टही घटतो. मागणी जास्त, दाब कमी आणि सोलेनॉइडची ड्यूटी ९० टक्क्यांच्या वर, असं दिसलं तर इसीयू जीव तोडून मागतोय पण हवा कुठेतरी गळतेय, वेस्टगेट उघडा राहतोय किंवा एक्झॉस्ट तुंबलाय. याउलट ड्यूटी तळाला आणि दाब चढतच चाललाय, तर वेस्टगेट उघडत नाही.

लीक टेस्ट न करता क्लॅम्प आवळत बसणं

इंजिन बंद असताना पाइप बघून लीक सापडत नाही. भेग बहुधा क्लॅम्पच्या कडेला, पाइपच्या खालच्या बाजूला असते. दाब आला की ती उघडते, दाब गेला की मिटते. पाइप हातात घेऊन पिळला तरच आतला कापडाचा थर दिसतो.

टेस्टसाठी एअर मास सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा) काढून टर्बोकडे जाणाऱ्या इनलेट पाइपच्या तोंडाला हवेचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच घट्ट लावा. कॉम्प्रेसरवर रेग्युलेटर हवाच. सुरुवात ०.३ बारपासून करा, हळूहळू गाडीच्या नेहमीच्या बूस्टपर्यंत जा, त्याच्या वर नाही. क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या पोकळीच्या) ब्रीदरची इनलेटला जोडलेली नळी काढून तिथलं तोंड बंद करा आणि ऑइलचं झाकण उघडं ठेवा. तसं केलं नाही तर दाब क्रँककेसात शिरून ऑइल सील बाहेर ढकलू शकतो. थ्रॉटल उघडा ठेवला की मॅनिफोल्डही तपासला जातो. मग साबणाच्या पाण्याचा फवारा मारा: प्रत्येक जोड, इंटरकूलरच्या दोन्ही टोकांच्या टाक्या, इंजेक्टरच्या ओ-रिंगा, ब्रेक बूस्टरची नळी, ईव्हॅपचा (टाकीतल्या पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) पर्ज व्हॉल्व्ह. प्लॅस्टिकच्या टाक्या असलेल्या इंटरकूलरमध्ये अ‍ॅल्युमिनियमची दुमडलेली कड जुनी होऊन सैल पडते, तिथे मोहरीएवढे बुडबुडे येतात. ऑइलच्या झाकणातून थोडी हवा येणारच, कारण ती रिंगांच्या फटीतून उतरते. ती जोरात येत असेल तर पीसीव्ही चेक व्हॉल्व्ह (क्रँककेसची वाफ एकाच दिशेने सोडणारा) उलट्या दिशेनेही हवा सोडतोय का ते बघा.

लीक कुठे आहे हे ट्रिमवरूनही ओळखता येतं. एअर मास सेन्सरच्या गाडीत सेन्सर आणि टर्बो यांच्यामध्ये लीक असेल तर न मोजलेली हवा आत शिरते, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने इंधन कमी) आणि पी०१७१ येतो. टर्बोच्या पुढच्या पाइपात लीक असेल तर मोजलेली हवा बूस्टमध्ये बाहेर जाते, मिश्रण रिच होतं (इंधन जास्त) आणि सायलेन्सरमधून काळा धूर दिसतो. मॅनिफोल्डमधला लीक आयडलला लीन आणि बूस्टमध्ये रिच करतो. एअर मास सेन्सरच्या गाडीला हवा बाहेर सोडणारा ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवला तर प्रत्येक गिअर बदलताना मिश्रण रिच होतं, आयडल डगमगतं, कधी गाडी बंदही पडते. मूळ डायव्हर्टर व्हॉल्व्ह हवा परत इनलेटला देतो, तो तसाच ठेवा. डायफ्रामचा व्हॉल्व्ह तपासायला तो काढून हाताने आत दाबा, वरच्या नळीचं तोंड बोटाने बंद करा आणि सोडा. तो आतच राहिला पाहिजे. हळूहळू बाहेर आला तर डायफ्राम फाटलाय.

नळ्या बदलताना आतला तुकडा फेकून देणं

वेस्टगेटच्या नळीत कित्येक गाड्यांमध्ये पितळेचा एक छोटा रिस्ट्रिक्टर असतो, मधोमध जेमतेम एक मिलिमीटरचं भोक असलेला. सुबारूच्या टर्बो गाड्यांमध्ये तो हमखास सापडतो. जुनी नळी कापून टाकली आणि नवी सिलिकॉनची बसवली, की तो जुन्या नळीबरोबर कचऱ्यात जातो. मग अ‍ॅक्च्युएटरकडे (वेस्टगेट उघडणाऱ्या डब्याकडे) दाब पूर्ण जोराने पोचतो, सोलेनॉइडला तो पुरेसा सोडता येत नाही, वेस्टगेट लवकर उघडतो आणि बूस्ट स्प्रिंगच्या दाबाच्या आसपासच अडकतो. फेकण्याआधी जुनी नळी बोटांनी दाबत शेवटपर्यंत तपासा, कडक गाठ लागेल तिथे रिस्ट्रिक्टर आहे.

क्रमवार दोन टर्बो असलेल्या गाड्यांत नळ्यांचं जाळं फार मोठं असतं. १९९० च्या दशकातल्या माझदा आरएक्स-७ मध्ये पहिला टर्बो सुमारे १० पीएसआय देतो, ४,५०० आरपीएमच्या आसपास दुसरा जोडला जाताना दाब ८ पर्यंत उतरतो आणि पुन्हा १० वर येतो. तो उतार दोष नाही. ४,५०० नंतर दाब परत चढलाच नाही, तर चेक व्हॉल्व्ह, सोलेनॉइड आणि नळ्या एकेक करून हातपंपाने तपासा.

ओव्हरबूस्टमध्ये गाडी तशीच दामटणं

पी०२३४ आला किंवा पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर भिंतीला धडकल्यासारखा इंधनपुरवठा तुटला, तर तेव्हापासून जोरात चालवणं बंद. इसीयूने इंजिन वाचवलंय. तो कट काढून टाकणारं यंत्र बसवणं म्हणजे पिस्टन पणाला लावणं. आधी अ‍ॅक्च्युएटरची नळी निघाली आहे का ते बघा. मग हातपंपाने अ‍ॅक्च्युएटरला दाब द्या: स्प्रिंगच्या ठरलेल्या दाबाला रॉड सरकला पाहिजे आणि दाब टिकला पाहिजे. टिकत नसेल तर डायफ्राम फाटलाय, टिकतो पण रॉड हलत नसेल तर वेस्टगेटची झडप गंजून जाम आहे. सगळं ठीक असूनही जास्त आरपीएमला दाब हळूहळू चढत जात असेल, तर मोकळ्या एक्झॉस्टमुळे लहान वेस्टगेटला सगळा वायू वळवता येत नाही. इथे रॉड कमी-जास्त करून काही होत नाही, वेस्टगेटचं भोक मोठं करावं लागतं.

मिसफायरला बूस्टचा दोष समजणं

बूस्टमध्ये गाडी थडथडते पण गेजवर दाब पूर्ण दिसतोय, तर प्लग आणि कॉइल बघा. दाब वाढला की ठिणगीला गॅप ओलांडणं जड जातं. प्लगचा गॅप ०.७ ते ०.८ मिलिमीटरवर आणून पाहणं हा सर्वात स्वस्त प्रयोग आहे. तुंबलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची तपासणीही सोपी आहे. कॅटच्या आधीचा ऑक्सिजन सेन्सर काढून तिथे प्रेशर गेज लावा. आयडलला १.५ पीएसआय आणि २,५०० आरपीएमला ३ पीएसआयच्या वर गेलं तर पुढचा रस्ता अडलाय.

आणि शेवटी टर्बो

इनलेट पाइप काढून कॉम्प्रेसरचा नट दोन बोटांत धरा. वर-खाली किंचित खेळ असतोच, कारण इंजिन बंद असताना तेलाचा पडदा नसतो. आत-बाहेर खेळ मात्र जवळजवळ जाणवता कामा नये, आणि पाती हाउसिंगला घासल्याची चमकदार रेघ कुठेही नसावी. इंटरकूलरच्या पाइपात तेलाचा पातळ थर पीसीव्हीमुळे येतो, तो दोष नाही. पाइपातून तेल ओतता आलं तर मात्र टर्बोचा परतीचा तेलपाइप तुंबलाय का, हे टर्बो काढण्याआधी बघा. तो तुंबला असेल तर नवा टर्बोही तसाच तेल टाकेल.

टर्बो बदलताना टर्बोत तेल नेणारा पाइप नवाच घ्या. जुन्यात जळालेल्या तेलाचे कण असतात आणि ते नव्या बेअरिंगमध्ये जातात. तांब्याचे वॉशर नवे, तेल आणि फिल्टर नवे. बसवल्यावर टर्बोच्या तोंडात थोडं ताजं तेल ओता, इंजेक्शन आणि इग्निशन बंद ठेवून दहा-दहा सेकंद क्रँक करा, तेलाच्या दाबाचा दिवा विझला की मगच इंजिन सुरू करा. काही मिनिटं आयडलवर ठेवून तेलाच्या जोडांखाली टॉर्च मारून बघा. मग गाडी पूर्ण गरम करून त्याच तिसऱ्या गिअरमध्ये, त्याच २,५०० आरपीएमपासून नवा लॉग घ्या आणि जुन्याच्या शेजारी ठेवा.