गूगल शीट्स बिगक्वेरीला जोडायचंय? मग आधी व्ह्यू बनवा

एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात आणि गूगल शीट्सच्या अख्ख्या फाइलमध्ये १ कोटी सेल, म्हणजे २० कॉलमचा डेटा असेल तर ५ लाख ओळींतच खेळ खल्लास. ऑर्डर्सचा डेटा बिगक्वेरीत (गूगलचं क्लाउडवरचं मोठ्या डेटाचं कोठार) असेल तर दर आठवड्याला सीएसव्ही काढून शीटमध्ये ओतत बसू नका, कनेक्टेड शीट्सची सोय आहे ती वापरा, डेटा तिकडेच राहतो आणि शीटमध्ये फक्त उत्तर येतं.

जोडणं तसं सोपंय. डेटा मेनू, त्यात डेटा कनेक्टर्स, मग कनेक्ट टू बिगक्वेरी, प्रोजेक्ट निवडा (पावती याच प्रोजेक्टच्या नावाने फाटणार), मग डेटासेट (टेबलांचा गठ्ठा), टेबल, कनेक्ट. झालं. ५०० ओळींचा प्रिव्ह्यू दिसेल, बाकीचा डेटा कुठे गेला म्हणून घाबरू नका, पिव्होट (गट पाडून बेरजा काढणारा तक्ता) करून अप्लाय दाबलं की हिशोब सगळ्या टेबलवर होतो. नुसता हात बसवायचा असेल तर बिगक्वेरीचं सँडबॉक्स आहे, क्रेडिट कार्ड लागत नाही, १० जीबी जागा मिळते, फक्त टेबलं ६० दिवसांनी आपोआप उडतात.

पण खरं काम टेबल निवडायच्या आधीच आहे. कच्चं टेबल सगळ्यांना उघडं करून दिलंत ना, की अकाउंट्सवाले रद्द ऑर्डरी वगळून विक्री काढणार, सेल्सवाले त्या धरून, तिसरा कोणी जीएसटीसकट, आणि मीटिंगमध्ये तीन आकडे घेऊन तिघं भांडणार, तिघांचंही गणित बरोबर. म्हणून बिगक्वेरीत एक व्ह्यू (साठवून ठेवलेली क्वेरी, म्हणजे डेटाला विचारलेला प्रश्न, टेबलासारखीच वापरता येते) बनवा, विक्री म्हणजे नक्की काय ते त्यात एकदाच ठरवून टाका, कॉलमला माणसाला कळतील अशी नावं द्या, ग्राहकांचे मोबाइल नंबर वगैरे त्यात येऊच देऊ नका, आणि शीट त्या व्ह्यूला जोडा. उद्या नियम बदलला तर व्ह्यूत बदलायचा, रिफ्रेश केलं की सगळ्यांकडे तोच.

याच व्ह्यूत टाइमझोनचंही बघून घ्या, हे हमखास राहतं. बिगक्वेरी टाइमस्टॅम्प (तारीख-वेळेची नोंद) यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत धरते आणि आपण साडेपाच तास पुढे, त्यामुळे १ एप्रिलला पहाटे ३ वाजता आलेली ऑर्डर ३१ मार्चला जाऊन बसते, म्हणजे थेट मागच्या आर्थिक वर्षात! तारीख काढताना टाइमझोन एशिया कोलकाता दिला की मिटलं. फक्त अशी बदललेली तारीख फिल्टरला वापरली तर पार्टिशनचा (टेबलाचे तारखेप्रमाणे पाडलेले कप्पे, लागतील तेवढेच वाचले जातात) फायदा हातचा जाऊ शकतो, म्हणून मूळ पार्टिशन कॉलमवर 'गेली दोन वर्षं' अशी अट व्ह्यूच्या आतच घालून ठेवा.

पार्टिशनचं एवढं का, तर पैसे. ऑन-डिमांड प्लॅनमध्ये महिन्याला पहिला १ टीबी फुकट, पुढे जेवढा डेटा वाचला जाईल तेवढं बिल, आणि बिगक्वेरी कॉलमप्रमाणे डेटा ठेवते त्यामुळे किती ओळी दाखवल्या याला फारसा अर्थ नसतो, किती कॉलम आणि किती कप्पे वाचले ते मोजलं जातं. शीटमध्ये दहा पिव्होट आणि दर तासाला रिफ्रेश लावलात तर ते मीटर रात्री पण पळणार. बहुतेक रिपोर्टांना रोज सकाळी एकदा पुरतं. वर प्रोजेक्टच्या कोटा सेटिंगमध्ये रोजच्या क्वेरीला मर्यादा घाला, कोणी अप्लाय, अप्लाय दाबत सुटलं तरी झोप उडणार नाही.

परवानग्यांचं थोडक्यात. व्ह्यू वेगळ्या डेटासेटमध्ये ठेवा (मूळ डेटा जिथे आहे त्याच लोकेशनला, मुंबई तर मुंबई, नंतर बदलता येत नाही), मूळ डेटासेटवर तो ऑथोराइज्ड व्ह्यू करा (म्हणजे मूळ टेबल वाचायची परवानगी माणसांना नाही, व्ह्यूला), मग लोकांना व्ह्यूच्या डेटासेटवर डेटा व्ह्यूअर (डेटा बघायची परवानगी) आणि प्रोजेक्टवर जॉब यूजर (क्वेरी चालवायची परवानगी) एवढंच पुरतं, कच्च्या टेबलाला कोणाचा हात लागत नाही. आणि एक, ज्याला बिगक्वेरीची परवानगीच नाही त्याला रिफ्रेश करता येणार नाही, पण शीट शेअर केलेली असेल तर आलेले आकडे त्याला दिसतातच, म्हणून 'लिंक असलेला कोणीही' वाली शेअरिंग इथे नको.

शेड्यूल्ड रिफ्रेश ज्याने लावला त्याच्याच परवानगीवर चालतो. तो माणूस नोकरी सोडून गेला, अकाउंट बंद झालं, की रिफ्रेश थांबतो पण शीट रिकामी होत नाही, जुनेच आकडे ऐटीत बसून राहतात. तेव्हा पिव्होटजवळ शेवटच्या रिफ्रेशची वेळ दिसते, रिपोर्ट पुढे पाठवायच्या आधी तेवढी बघत जा.