हवं ते एकाच व्हेरिअंटमध्ये मिळत नाही? नवी गाडी अशी बुक करा

नागपुरात वर्धा रोडवरच्या कुठल्याही शोरूममध्ये ऐकू येणारा हा संवाद. "पुढच्या सीट गार होणाऱ्या हव्यात, सनरूफ मात्र नको." "तसं येत नाही साहेब. त्या सीट टॉप मॉडेललाच आहेत आणि त्यात सनरूफ येतंच."

सेल्समनशी हुज्जत घालून उपयोग नाही, कारण हे कारखान्यातच ठरलेलं असतं. ३ इंजिनं, २ गिअरबॉक्स, ८ रंग आणि घ्या किंवा सोडा अशा १० सोयी धरल्या, तर एकाच मॉडेलचे ४९,१५२ प्रकार होतात. प्रत्येकाची वायरिंग, सॉफ्टवेअर आणि सुट्या भागांचा साठा सांभाळणं महागात पडतं. युरोपात सप्टेंबर २०१८ पासून सगळ्या नव्या गाड्यांना डब्ल्यूएलटीपी ही इंधनवापर आणि उत्सर्जन मोजणारी चाचणी लागू झाली. जादा सोयींनी गाडीचं वजन बदललं की उत्सर्जनाचा आकडाही बदलतो, त्यामुळे तिथेही पर्यायांना कात्री लागली. आपल्याकडे तर बेस, मिड, टॉप अशी बांधलेली गाठोडीच, म्हणजे व्हेरिअंटं, मिळतात. त्यातलं आपलं गाठोडं नेमकं निवडणं एवढंच आपल्या हातात आहे.

आधी घरी यादी करा. शोरूममध्ये पाऊल टाकण्यापूर्वीच. एका बाजूला कारखान्यातूनच यायला हवं ते लिहा: एअरबॅग, ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, मागच्या सीटसाठी एसीचे व्हेंट, क्रूझ कंट्रोल (ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय). दुसऱ्या बाजूला नंतर बाहेरून बसवता येईल ते: सीट कव्हर, टचस्क्रीन, रिव्हर्स कॅमेरा, अलॉय व्हील. या दुसऱ्या बाजूसाठी वरचं व्हेरिअंट घेऊ नका. एअरबॅग, ईएससी अशा सुरक्षेच्या सोयी मात्र नंतर बसवता येत नाहीत, म्हणून त्यांत तडजोड नको.

यादी नागपूरची असू द्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. मागे आजी-आजोबा बसणार असतील, तर एसीचे व्हेंट ही चैन नव्हे, गरज आहे. सनरूफसाठी जादा पैसे मोजणं मला तरी इथे पटत नाही. वरचेवर समृद्धी महामार्गाने जाणार असाल, तर क्रूझ कंट्रोल आणि टायरमधली हवा दाखवणारी यंत्रणा पहिल्या बाजूला घ्या. मुंबईपर्यंतच्या ७०१ किलोमीटरमध्ये दोन्ही कामाला येतात.

मग ब्रोशरच्या शेवटचा तक्ता उघडा. पहिल्या बाजूच्या सगळ्या गोष्टी ज्यात आहेत, ते सगळ्यात खालचं व्हेरिअंट शोधा. नावापुढे 'ओ' (ऑप्शनल) लागलेली व्हेरिअंटं नजरेतून सुटतात, तीही बघा. इंधन आणि गिअरबॉक्सचे रकाने वेगळे तपासा, कारण ऑटोमॅटिक बेसमध्ये आणि सीएनजी टॉपमध्ये अनेकदा नसतं. एकच गोष्ट अडत असेल, तर दुसऱ्या कंपनीचं त्याच किमतीतलं मॉडेल बघा.

फरक ऑन-रोड, म्हणजे टॅक्स आणि विमा धरून होणाऱ्या किमतीत मोजा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीवर १० लाखांपर्यंत ११ टक्के, त्यापुढे २० लाखांपर्यंत १२ टक्के रोड टॅक्स लागतो, आणि तोही पूर्ण किमतीवर. म्हणजे ९.९० लाखांच्या गाडीला १,०८,९०० रुपये, तर १०.२० लाखांच्या गाडीला १,२२,४०० रुपये. शिवाय १० लाखांवरच्या गाडीला १ टक्का टीसीएस (विक्रेत्याने गोळा केलेला आयकर) भरावा लागतो. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण आधी खिशातून जातोच.

बाहेरून काही बसवताना वायर कापू देऊ नका, कनेक्टरने जोडणारंच घ्या. वॉरंटी कायम राहील का, ते सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या. विमा डीलरकडूनच घेण्याची सक्ती नाही, दोन ठिकाणी दर विचारा.

बुकिंगच्या पावतीवर व्हेरिअंटचं पूर्ण नाव, इंधन, गिअरबॉक्स, रंग आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे कापणार, हे सगळं लिहून घ्या. "टॉप मॉडेल, पांढरा" एवढ्यावर भागवू नका. मधल्या काळात दर वाढले तर कोणता दर लागेल, तेही विचारा.

दसऱ्याला किंवा पाडव्याला गाडी हवी असेल, तर मुहूर्ताच्या घाईत "हे दुसरं व्हेरिअंट तयार आहे, हेच न्या" असं सांगितलं जाऊ शकतं. यादीत बसत नसेल तर थांबा. नंबर पडण्याआधी, मग तो एमएच-३१ असो, ४० असो की ४९, गाडी उजेडात उभी करून तक्त्यातली एकेक सोय चालवून बघा. फॉर्म २१ वरचा, म्हणजे विक्रीच्या दाखल्यावरचा, निर्मितीचा महिना आणि वर्षही वाचा. एकदा नोंदणी झाली की गाडी बदलून मिळणं फार अवघड असतं.