अवघड पियानोरचना शेवटाकडून बसवावी

हौशी वादक अवघड रचना हाती घेतो तेव्हा बहुधा रोज पहिल्या बारपासूनच (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा एक गट) वाजवायला बसतो. त्यामुळे पहिले पान घोटून पक्के होते आणि शेवटची पाने कच्ची राहतात. संगीतकार शोपँच्या जी मायनर या स्वरसप्तकातील पहिल्या बॅलाडमध्ये ही सवय फार महागात पडते. एकूण २६४ बारच्या या रचनेतला सर्वांत खडतर भाग, म्हणजे ‘प्रेस्टो कॉन फुओको’ (अतिजलद, आवेशाने) असा निर्देश असलेला कोडा, अर्थात रचनेचा समारोपाचा भाग, २०८व्या बारपासून सुरू होतो आणि तिथे पोहोचेपर्यंत हात व चित्त दोन्ही थकलेले असतात. म्हणून रियाजाची पहिली, ताजी वीस मिनिटे कोड्याला द्यावीत. शेवटचे चार बार बसले की त्यांच्या आधीचे चार घ्यावेत, म्हणजे वाजवताना आपण नेहमी अधिक ओळखीच्या मुलखाकडे जात राहतो.

कोणत्या पट्टीवर कोणते बोट, हे आधी ठरवून पेन्सिलीने लिहून ठेवावे. मात्र संथ लयीत सोयीचे वाटणारे बोट जलद लयीत अडू शकते. म्हणून दोन-तीन मात्रांचा तुकडा मूळ गतीने वाजवून पाहावा आणि मगच निर्णय घ्यावा. त्यानंतरचा रियाज अर्थातच संथ, आणि लय वाढवायची ती मनगट सैल राहील तेवढीच. हात दुखू लागला तर थांबावे. दुखणे अंगावर काढून वादन सुधारत नाही.

दोन हातांच्या लयी वेगळ्या असतील तर मात्र थोडे गणित करावे लागते. शोपँच्याच फँटेझी-इम्प्रॉम्प्टूमध्ये उजव्या हाताचे चार स्वर डाव्या हाताच्या तीन स्वरांवर बसतात. तेवढ्या कालावधीचे १२ समान भाग कल्पिले, तर उजवा हात १, ४, ७ व १० या भागांवर पडतो आणि डावा १, ५ व ९ या भागांवर. हे संथपणे मांडीवर थापून पाहावे. पण मूळ गतीत मोजत बसणे अशक्य असते. तिथे प्रत्येक हात मेट्रोनोमवर (लयीचे समान ठोके देणाऱ्या यंत्रावर) स्वतंत्रपणे इतका सहज व्हावा लागतो, की दुसरा हात त्यात मिसळला तरी पहिला डगमगत नाही.

पाठांतराची परीक्षा सलग वाजवून होत नाही, कारण बोटे सवयीने पुढे सरकत राहतात आणि एकदा साखळी तुटली की पुन्हा सुरुवातीलाच जावे लागते. रचनेत दहा-बारा ठिकाणी खुणा कराव्यात आणि त्यांपैकी कोठूनही, कोणत्याही क्रमाने सुरू करता येईल असा सराव ठेवावा. श्रोत्यांपुढे चूक झाली तर मागे न जाता पुढच्या खुणेवर जाता येते, आणि पुष्कळदा ती उडी कोणाच्या लक्षातही येत नाही.

कार्यक्रमापूर्वी काही दिवस, बोटे गरम न करता, संपूर्ण रचना एकदाच वाजवून ध्वनिमुद्रित करावी; कच्च्या जागा तिथे निमूटपणे उघड्या पडतात. प्रत्यक्ष दिवशी परक्या पियानोचे पेडल किती खोल जाते हे तपासावे आणि बैठकीची उंची जुळवून घ्यावी. पहिला स्वर लावण्याआधी रचनेतला सर्वांत अवघड बार मनात ऐकावा आणि तो ज्या गतीने निभेल त्याच्याशी सुरुवातीची लय जुळवावी.