रॅम्प्सचं बी टाकायचं तर ते आत्ताच

अमेरिकेतल्या मेपलच्या जंगलात वसंतात जे रॅम्प्स मिळतात, म्हणजे कांद्याच्या कुळातली ती रुंद पानांची रानभाजी, ती सप्टेंबरात शोधायला गेलात तर एक पान दिसणार नाही. वरची झाडं पालवून गच्च सावली झाली की जूनपर्यंत पानं पिवळी पडून संपतात. पण बी मिळतं ते याच दिवसांत. पाचोळ्यात वीत-दीड वीत सुकी काडी उभी दिसेल, शेंड्याला छोटी छत्री आणि कागदासारख्या बोंडांत काळे चकचकीत दाणे, मिऱ्यापेक्षा लहान. काडी जोरात ओढू नका, दाणे भराभर गळतात, खाली हात धरा.

जागा कुठली घ्यायची? घरामागे मेपल, बीच, बर्च ही झाडं असतील, जमीन भुसभुशीत, ओल टिकणारी पण पाणी न साचणारी असेल तर झालंच. वसंतात तिथे ट्रिलियम किंवा ब्लडरूट ही रानफुलं उगवत असतील तर बिनधास्त लावा. उन्हातल्या लॉनमध्ये मात्र नाद सोडा.

पाचोळा बाजूला सारायचा, माती वरवर हलवायची, बी बोटाने नुसतं दाबायचं, खोल पुरायचं नाही, आणि तोच पाचोळा २-३ इंच परत पसरायचा. आता खरी परीक्षा, वाट बघायची. या बियांना आधी उबदार ओल लागते, तेव्हा मूळ फुटतं, मग थंडी लागते तेव्हा कुठे कोंब वर येतो, त्यामुळे यंदा ऊब कमी पडली तर पुढच्या एप्रिलमध्ये काहीच दिसणार नाही, त्याच्या पुढच्या वर्षी येईल. मी एकदा वैतागून दुसऱ्या ऑक्टोबरात होस्टा (सावलीतलं शोभेचं झाड) लावायला तीच जागा खणली तर खुरप्यावर काय, पांढरी मुळं फुटलेलं बी! म्हणून चारी कोपऱ्यांना खुंट्या ठोका, नाहीतर उन्हाळ्यात तुम्हीच त्यावर चालाल.

बियांपासून काढणीला ५ ते ७ वर्षं लागतात, तेवढा धीर नसेल तर वसंताच्या तोंडावर नर्सरीतले कंद लावा, जंगलातून उपटून आणू नका. अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स नॅशनल पार्कात २००४ पासून काढायला बंदी आहे, कॅनडातल्या क्यूबेकमध्ये विक्रीच बंद आहे आणि घरच्यापुरते वर्षाला फक्त ५० कंद. स्वतःच्या वाफ्यातही कंद जमिनीतच राहू द्या, एका झाडाचं एकच पान कापा, चवीला पान काही कमी नसतं.

आणि हो, लिली ऑफ द व्हॅली आणि फॉल्स हेलेबोर, ही दोन्ही झाडं विषारी आणि कोवळेपणी त्यांची पानं बऱ्यापैकी रॅम्प्ससारखी. पान चुरगळून लसणासारखा वास येतोय का ते बघा, पण दहा-बारा पानं कापल्यावर हातालाच तो वास येतो, मग नाकावर भरवसा ठेवू नका, प्रत्येक पान डोळ्यांनी बघूनच टोपलीत टाका.