जर्मनीचं एकीकरण लिहायचंय? मग बिस्मार्कपासून सुरू करू नका

सांगलीतल्या विश्रामबागच्या आमच्या अभ्यासिकेतली यूपीएससीवाली पोरं वह्या तपासायला देतात, आणि जर्मनीचा प्रश्न आला की पहिल्याच ओळीत 'बिस्मार्क', म्हणजे जर्मनी एक करणारा प्रशियाचा पंतप्रधान. मीपण तेच करायचो, मार्क काय पडायचे नाहीत.

आधी पेन्सिलीनं नकाशा काढा, वेडावाकडा चालतोय. 1815 नंतर 39 जर्मन राज्यांचा एक सैल संघ होता, त्यात ऑस्ट्रिया वरचढ, दुसरं मोठं राज्य प्रशिया. डोक्यात शिरत नसेल तर आपलंच बघा की, सांगली एक संस्थान, दहाएक किलोमीटरवरचं मिरज दुसरं, त्यात परत थोरली पाती धाकटी पाती, धाकट्यांची गादी बुधगावला, आणि पलीकडं औंध वेगळंच.

आता जकात. फ्रेडरिक लिस्ट या जर्मन अर्थतज्ज्ञाची 1819 ची तक्रारच होती की बर्लिनहून स्वित्झर्लंडला माल न्यायचा तर दहा राज्यं ओलांडायची आणि दहा ठिकाणी जकात भरायची. समजा मार्केट यार्डातनं हळदीचं पोतं निघालं, प्रत्येक नाक्यावर ते उतरवा, उसवा, तोला, पावती फाडा, परत शिवा... व्यापारी वैतागणारच ना? प्रशियानं 1818 ला स्वतःच्या हद्दीतले नाके काढले आणि 1834 ला झोलव्हरिन, म्हणजे जकात संघ, ज्यात ऑस्ट्रिया नव्हता. ही ओळ अधोरेखित करा, कारण जर्मन राजकारणातनं ऑस्ट्रिया 1866 ला बाहेर पडला पण या बाजारात तो 32 वर्षं आधीपासनंच नव्हता.

मग रेल्वे. 1835 ला न्युरेंबर्ग ते फ्युर्थ ही जर्मनीतली पहिली लाईन, नंतर रूळ वाढले तसा रूर खोऱ्यातला कोळसा आणि लोखंड खपायला लागलं. एसेनच्या क्रुप या पोलाद कंपनीच्या चिन्हातली तीन कडी लोकांना तोफांची तोंडं वाटतात पण त्या रेल्वेच्या चाकाच्या बिनजोड धावा आहेत, आपल्या बैलगाडीच्या चाकाला असते तीच धाव, फक्त पोलादी. तोफा पण त्याच कारखान्यातल्या, 1870 ला फ्रेंचांच्या ब्राँझच्या तोफा त्यांच्यापुढं टिकल्या नाहीत.

1848 च्या फ्रँकफर्ट संसदेला, म्हणजे जर्मन राज्यांतनं निवडून आलेल्या सभेला, दोन ओळी बास, तिनं देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजानं नाकारला आणि विषय संपला.

आता आणा बिस्मार्कला, 1862. युद्धं तीन: 1864 डेन्मार्क, 1866 ऑस्ट्रिया, 1870 फ्रान्स. प्रत्येकापुढं 'मिळालं काय' लिहा, नुसती सनावळी नको. 1866 ला प्रशियाचा शिपाई जमिनीवर पडून बंदूक भरायचा, ऑस्ट्रियाच्याला उभं राहून नळीतनं ठासावी लागायची, एवढं एक वाक्य टाकलं तरी तपासणारा थांबतोय. एम्सची तार, म्हणजे प्रशियाचा राजा आणि फ्रेंच राजदूत यांच्या बोलण्याची बातमी, बिस्मार्कनं कापून छापली आणि फ्रान्स युद्धाला उठला, हेही घ्या. शेवट 18 जानेवारी 1871, व्हर्सायचा आरसेमहाल, म्हणजे हरलेल्या फ्रान्सच्याच घरात प्रशियाच्या राजाची जर्मन सम्राट म्हणून घोषणा!

जागा उरली तर फ्रान्सकडनं युद्धाची भरपाई म्हणून घेतलेले 5 अब्ज फ्रँक आणि 1873 ची मंदी जोडा. आणि झोलव्हरिन लिहा नाहीतर त्सोलफेराइन, दोन्ही चालतात, फक्त एकाच पेपरात दोन्ही नकोत.