दहा इंची मिनीला बारा इंची चाकं लावायची तयारी

जुनी मिनी, म्हणजे इंग्लंडची ती छोटी गाडी, घेतली की पहिली नजर रिमांवर जाते आणि पहिला खर्चही तिथेच होतो. रिम थांबू द्या, आधी ब्रेक ठरवा. १९५९ची मिनी आली तीच दहा इंची चाकं आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक घेऊन. १९८४पासून सगळ्याच मिनींना बारा इंची चाकं आणि पुढच्या चाकांना ८.४ इंची डिस्क ब्रेक मिळाले. ही डिस्क दहा इंची रिमच्या आत मावत नाही, त्यामुळे हीच डिस्क हवी तर चाक मोठं करावंच लागतं. मात्र गाडी साठच्या दशकातली आणि मूळ रूपात असेल तर मी या वाटेला जाणार नाही. कूपर एस या मिनीच्याच वेगवान मॉडेलच्या ७.५ इंची डिस्क दहा इंची चाकात बसतात. महाग आहेत, पण गाडीचं रूप टिकतं.

बारा इंचीच करायचं ठरलं, तर सामान शक्यतो एकाच गाडीचं मिळवा. इंग्लंडमध्ये मिनीच्या सुट्या भागांचीच दुकानं आहेत, तिथे पूर्ण संच मागा: डावा-उजवा हब (चाकाचा मधला भाग), डिस्क, कॅलिपर (डिस्कला पकडणारा भाग), ड्राइव्ह फ्लँज (चाक जिथे बसतं ती चकती) आणि सीव्ही जॉइंट (चाक वळलं तरी फिरवत ठेवणारा सांधा). चाक फिरवणारा दांडा, म्हणजे ड्राइव्ह शाफ्ट, तुमचाच राहतो, पण बाहेरचा सीव्ही जॉइंट डिस्कवाल्या गाडीचा लागतो. नेमका हाच भाग लोक विसरतात आणि मग गाडी दोन आठवडे जॅकवर उभी. हबच्या नटाखालचा शंकूसारखा वॉशरही त्याच संचातून घ्या. नटाला ड्रमच्या गाडीपेक्षा बराच जास्त टॉर्क (आवळण्याचा जोर) लागतो, तेव्हा १ ५/१६ इंची सॉकेट, लांब दांडा आणि बॉल जॉइंट (हब धरणारे गोल सांधे) सोडवायचं हत्यार हाताशी ठेवा. टॉर्कचा आकडा मात्र मॅन्युअलमधूनच घ्यायचा.

पुढे डिस्क आली की मागचे ब्रेक तसेच ठेवून चालत नाही. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि जाम होऊन घसरतात. म्हणून मागे लहान बोअरचे (आतून कमी व्यासाचे) व्हील सिलिंडर आणि दाब मर्यादित ठेवणारा व्हॉल्व्ह, दोन्ही डिस्कवाल्या मिनीचेच बघा. मागच्या ड्रममध्ये स्पेसर (चाक बाहेर सरकवणारी जाड चकती) असेल तर स्टडही, म्हणजे चाक धरणारे बोल्ट, लांब लागतात. मास्टर सिलिंडर (पेडलजवळचा मुख्य सिलिंडर), रबरी होज आणि पाइपांचे आटे जुळवून पाहा. जुने होज परत लावू नका. पेडल जड वाटलं तर घाबरू नका. ड्रममध्ये शू (घासून थांबवणारा भाग) फिरत्या ड्रमसोबत स्वतःच ओढला जातो, डिस्कला ती मदत नसते. १९८४च्या मिनीलाही पेडल हलकं करणारा बूस्टर नव्हता, तो नंतर आला.

आता चाकं. बोल्टच्या वर्तुळाचं माप ४ इंच, म्हणजे १०१.६ मिमी. १०० मिमीचं रिम जवळपास बसल्यासारखं वाटतं आणि विकणारा ‘चालतं’ म्हणतो. घेऊ नका, स्टड तिरके ताणले जातात. १४५/८० आर १० टायरचा व्यास साधारण ४८६ मिमी, १६५/६० आर १२चा ५०३ मिमी. म्हणजे स्पीडोमीटर ६० मैल दाखवेल तेव्हा गाडी ६२ने पळत असेल. रुंद टायर मडगार्डला घासतो का, हे गाडी उभी असताना बघून कळत नाही. स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून, माणसं बसवून बघा. रुंद टायर झाकणाऱ्या प्लॅस्टिकच्या आर्चची किंमतही हिशेबात धरा.

इंग्लंडमध्ये हा बदल विमा कंपनीला काम सुरू करण्याआधीच कळवा, अपघातानंतर सांगून उपयोग नसतो. काढलेले ड्रम आणि हब तेल लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवा. पुढचा मालक हमखास मागतो. शेवटी ब्रेक ऑइल नवं भरा, पाइपांतली हवा पूर्ण काढा, पेडल मिनिटभर दाबून ठेवा आणि प्रत्येक जोडावर कोरडा कागद फिरवा. ओला निघाला तर त्या दिवशी गाडी रस्त्यावर काढायची नाही.