तेलाने माखलेली दलदल जाळताय? या चुका टाळा

दलदलीत सांडलेलं तेल गोळा करायला माणसं उतरली की प्रत्येक पावलागणिक ते चिखलात आणखी खोल दाबलं जातं, आणि गवताची मुळं तुडवली जातात ती वेगळीच. म्हणून अमेरिकेत लुइझियाना आणि टेक्सासच्या किनाऱ्यावर काही वेळा तेल जागच्या जागी पेटवून दिलं जातं. तिथल्या गवताळ दलदलींना आग नवी नाही. मस्करॅट (दलदलीत राहणारा, उंदराच्या कुळातला प्राणी) पकडणारे आणि अभयारण्यांचे कर्मचारी पूर्वीपासून हिवाळ्यात गवत जाळत आले आहेत. याच सवयीतून बहुतेक चुका होतात. गवताची आग वाऱ्याबरोबर पळत पुढे जाते. तेलाचं डबकं मात्र एकाच जागी कितीतरी मिनिटं जळत राहतं आणि खालची माती तापवतं.

पाणी न मोजता काडी ओढणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेबरोबर याच्या चाचण्या घेतल्या. दलदलीतले गवतासकट कापलेले मातीचे ठोकळे टाकीत ठेवले, पाण्याची पातळी कमीजास्त केली, मातीत तापमापक खोचले आणि वर डिझेल पेटवलं. २००२ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष स्पष्ट होते. मातीवर १० सेंटिमीटर पाणी असेल, तर वर ज्वाळा असूनही माती ३७ अंश सेल्सियसच्या आत राहिली आणि गवत पुन्हा फुटलं. पाणी मातीच्या १० सेंटिमीटर खाली असेल, तर मातीचं तापमान १०० अंशांच्या वर गेलं आणि खाऱ्या दलदलीतलं स्पार्टिना गवत जवळजवळ परतलंच नाही.

कोकणात राब भाजतात, म्हणजे भाताचं रोप पेरण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळतात, तो तणाचं बी मरावं म्हणूनही. कोरड्या दलदलीत तेल पेटवलं की तेच होतं, फक्त इथे मरतात ती आपल्याला हवी असलेली मुळं.

दलदल वरून सपाट दिसते, पण तिच्यात उंचवटे असतात. एका जागी काठी रोवून भागत नाही; उंचवट्यांवरही मोजायला हवं. भरतीच्या वेळापत्रकावर विसंबणंही धोक्याचं. लुइझियानात हिवाळ्यात थंड हवेची लाट येऊन गेली की उत्तरेचा वारा पाणी खाडीबाहेर ढकलतो आणि कागदावर भरती असताना दलदल उघडी पडलेली असते. पाणी टिकत नसेल तर थांबा, किंवा पंपाने आत पाणी घेता येईल का ते पाहा.

गवत मेलं की दोष आगीला देणं

त्याच चाचण्यांतली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे मधल्या पातळ्यांचे निकाल. मातीवर शून्य किंवा दोन सेंटिमीटर पाणी होतं तिथेही गवत नीट सावरलं नाही, पण कारण उष्णता नव्हतं. आग लावण्यासाठी वापरलेलं डिझेलच मातीत मुरून मुळांना बाधलं होतं. तापमानाची नोंद नसती, तर सगळं खापर आगीवर फुटलं असतं.

तेव्हा जाळल्यानंतर गवत येत नसेल, तर आधी मातीच्या तापमानाची नोंद बघा. माती फार तापली नसेल तर नमुने काढून त्यातलं तेल तपासा. डिझेलसारखी हलकी तेलं दिसायला पातळ आणि निरुपद्रवी वाटतात, पण मुळांना जाड कच्च्या तेलापेक्षा जास्त जाचतात. तुलनेसाठी तेल लागलेला पण न जाळलेला एक तुकडा आणि तेल न लागलेला एक तुकडा राखून ठेवायलाच हवा. घाईत हे नेहमी राहून जातं, आणि मग वर्षभराने हातात फोटो असतात, निष्कर्ष नसतो.

मुरलेलं तेल जाळायला जाणं

आग पाण्यावर तरंगणारं तेल खाते; चाचण्यांत ते ९५ टक्क्यांहून जास्त नाहीसं झालं. मातीत शिरलेल्या तेलावर तिचा फारसा उपयोग झाला नाही. तवंग अजून वर आहे तोवर, पाणी ओसरण्याआधी, निर्णय व्हायला हवा. आठवडाभर बैठका घेऊन मग पेटवलं, तर गवतही जातं आणि तेलही राहतं.

तवंग पेट घेत नाही म्हणून डिझेल ओतत राहणं

तवंग साधारण दोन-तीन मिलिमीटरहून पातळ असेल, तर खालचं पाणी उष्णता ओढून घेतं आणि आग टिकत नाही. लाटांनी घुसळून तेलात पाव हिस्स्याच्या वर पाणी मिसळलं असेल, तरीही पेटणं अवघड होतं. वरून डिझेल ओतत राहिलं, तर तेच मातीत मुरून मुळांना बाधतं. पहिल्या अडचणीवर तरंगते अडसर लावून तेल एकत्र आणणं हा इलाज आहे. दुसरीवर बहुधा आगीचा नाद सोडणंच बरं.

पहिली हिरवळ पाहून यश जाहीर करणं

लुइझियानातल्या रॉकफेलर अभयारण्यात १९९५ साली सांडलेलं हलकं तेल जाळलं गेलं. तिथलं गवत पूर्ववत व्हायला सुमारे तीन वाढीचे हंगाम लागले, आणि ते यशस्वी उदाहरण मानलं जातं. टेक्सासमध्ये चिल्टिपिन खाडीकाठी जानेवारी १९९२ मध्ये फुटलेल्या वाहिनीचं कच्चं तेल जाळलं, तिथली पाहणी तर कित्येक वर्षं चालू ठेवावी लागली. कोंब किती आले एवढंच मोजू नका, कोणत्या जातीचे आले तेही लिहा. जळालेल्या जागेत आधी भलतीच जात पसरू शकते.

हाच नुसखा खारफुटीला लावणं

ऑगस्ट २०१० मध्ये मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया या जहाजांची टक्कर झाली आणि तेल रायगडच्या कांदळवनांपर्यंत पोचलं. अशा वेळी जाळण्याचा विचारही करू नये. स्पार्टिना मातीखालच्या खोडांतून पुन्हा फुटतं, कारण पाणी त्यांना झाकतं. तिवराची पालवी, खोड आणि अनेकदा श्वसनमुळंही पाण्याच्या वर, थेट ज्वाळेत असतात. त्यात २०१८ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने राज्यात कांदळवन नष्ट करण्यावर बंदी आहे.

आग विझली की निघून येणं

जळून उरतो तो डांबरासारखा चिकट थर. पुढच्या भरतीला तो उचलला जाऊन शेजारच्या न जळलेल्या गवताला लागतो. तो गार झाल्यावर, पाणी अजून अंगावर असताना, होडीतूनच जाळ्यांनी आणि शोषक पट्ट्यांनी काढून घ्या. चिखलात पाय घालू नका.